नेपाळला न गेलेल्या सात बहिणी

उज्जैनहून कुठंही जायचं म्हटलं की पाय आधी देवास गेटकडे वळतात. रेल्वे स्टेशन तिथं, बसस्थानक तिथं, लॉजच्या पाट्या, पोहे-जिलेबीच्या गाड्या आणि ट्रॅव्हल्सची दुकानंही तिथंच. बसस्थानकाला हुतात्मा राजाभाऊ महाकाळ यांचं नाव आहे. आपल्या उज्जैनचा हा मराठी माणूस गोवामुक्तीच्या सत्याग्रहाला गेला आणि १५ ऑगस्ट १९५५ला पोर्तुगीजांच्या गोळीला बळी पडला. माणसांना लांबवर धाडायची या गावाची सवय जुनीच आहे.

हल्ली इथल्या ट्रॅव्हल्सच्या पाट्यांवर चारधाम आणि सम्मेदशिखर यांच्या जोडीला नेपाळही असतं. लुंबिनी, चितवन, पोखरा, काठमांडू. देवळं, डोंगर आणि जंगल, तिन्ही एका खेपेत. आमच्या महिला मंडळाचं नेपाळ ठरलं तेव्हा एका वहिनींनी बैठकीत सरळच विचारलं, “महाकाल घराशेजारी असताना पशुपतिनाथाला जायचं कशाला? आणि आपलं जैनांचं तिथं आहे तरी काय?”

प्रश्न वाजवी होता. शिखरजीला जाताना असं कुणी विचारत नाही, कारण तिथं वीस तीर्थंकरांचं निर्वाण झालं हे लहान पोरालाही ठाऊक असतं. नेपाळात डोकं टेकून यावं असं आपलं पुरातन क्षेत्र दाखवता येत नाही. तरीही आपली एक फार मोठी ठेव एकेकाळी नेपाळच्या वाटेवर होती. ती तिथून खाली आली ती अपुरी आली. ती अपुरी का राहिली आणि त्यात आपल्यासारख्या बायकांचा संबंध कुठं येतो, हे मैत्रिणींनो, त्या बैठकीत चार वाक्यांत सांगून होण्यासारखं नव्हतं. म्हणून हा लेख.

सुरुवात उज्जैनपासूनच करते. मी माहेरची सांगलीकडची, दिगंबर. आमच्याकडे दशलक्षण पर्वात भद्रबाहूस्वामींची कथा सांगतात. भद्रबाहू हे शेवटचे श्रुतकेवली, म्हणजे सगळं श्रुत ज्यांना मुखोद्गत होतं अशा आचार्यांतले शेवटचे. ते उज्जयिनीत असताना त्यांनी बारा वर्षांच्या दुष्काळाचं भाकीत केलं आणि संघ दक्षिणेला निघाला. ही नुसती ऐकीव गोष्ट नाही. श्रवणबेळगोळला चंद्रगिरीवर इ.स. ६००च्या सुमाराचा शिलालेख आहे, त्यात उज्जयिनीचं नाव आणि ते भाकीत दोन्ही आहेत. पुढं इ.स. ९३१च्या सुमारास हरिषेणांनी बृहत्कथाकोशात ही कथा लिहिली. त्यांच्या मते भद्रबाहू स्वतः दक्षिणेला गेलेच नाहीत. अवंती देशातच त्यांनी अनशन करून देह ठेवला आणि संघ घेऊन गेला तो दीक्षा घेतलेला राजा चंद्रगुप्त. नंतरच्या कथांत गुरू-शिष्य दोघेही चंद्रगिरीवर पोचतात. तिथल्या चंद्रगुप्त बसदीत दगडी जाळीवर नव्वद चौकटींत ही सगळी कथा कोरली आहे. माझ्या आईनं मला ती जाळी बोट धरून दाखवली होती, त्यामुळे लग्न होऊन उज्जैनला आले तेव्हा हे गाव मला परकं वाटलं नाही.

पण सासरी आमच्याच गल्लीत एक श्वेतांबर आजी होत्या. त्यांच्या तोंडून हीच कथा ऐकली तर दिशाच फिरलेली! दुष्काळ तोच, भद्रबाहू तेच, पण ते दक्षिणेला न जाता उत्तरेला, नेपाळला गेलेले. आवश्यकचूर्णीत ही कथा आहे आणि बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी परिशिष्टपर्वात ती सविस्तर सांगितली आहे.

ती अशी. दुष्काळ सरल्यावर पाटलीपुत्राला संघ जमला. कित्येक साधू गेले होते. उरलेल्यांचा पाठ विस्कटला होता, कारण पोटात अन्न नसलं की उजळणी होत नाही. ज्याला जे आठवेल ते जोडत जोडत अकरा अंगं उभी राहिली. बारावं अंग दृष्टिवाद, ज्याच्यात चौदा पूर्वं होती, ते मात्र तिथं कुणालाच येत नव्हतं. येत होतं फक्त भद्रबाहूंना, आणि ते नेपाळच्या वाटेवर महाप्राण नावाच्या बारा वर्षांच्या ध्यानात बसले होते.

संघानं दोन साधू बोलावणं घेऊन पाठवले. भद्रबाहू म्हणाले, ध्यान चालू आहे, येता येणार नाही. संघानं पुन्हा दोघांना पाठवलं, या वेळी एक प्रश्न देऊन: संघाची आज्ञा मोडणाऱ्याला दंड काय? भद्रबाहूंनी स्वतःच उत्तर दिलं की त्याला संघाबाहेर काढावं. उत्तर देताच पुढचं त्यांना कळलं. मग ते नमले आणि म्हणाले, बुद्धिमान साधू इकडे पाठवा, रोज सात वाचना देईन. पाचशे साधू डोंगर चढून गेले.

इतिहासकार या दोन्ही कथा सालांच्या तराजूत घालतात. महावीरांच्या निर्वाणानंतर भद्रबाहूंचा अंत श्वेतांबर १७० वर्षांनी मानतात, दिगंबर १६२ वर्षांनी. निर्वाण इ.स.पू. ५२७चं धरलं तर हा काळ इ.स.पू. ३५७ किंवा ३६५ येतो. चंद्रगुप्त मौर्य गादीवर बसला तो इ.स.पू. ३२१च्या आसपास. मेळ बसत नाही. म्हणून कुणी दोन भद्रबाहू मानले, कुणी निर्वाणाचं सालच पुढं आणलं. दक्षिण खरी की उत्तर खरी यावर आपल्या दोन आम्नायांत पिढ्यान्‌पिढ्या वाद आहे. मला त्यातली समान गोष्ट मोलाची वाटते. दोन्हींकडे दुष्काळ आहे, दोन्हींकडे लांबचा प्रवास आहे आणि दोन्हींकडे एकच धास्ती आहे: माणूस गेला तर त्याच्याबरोबर त्याला पाठ असलेलंही जाईल.

आता त्या पाचशेंचं काय झालं ते ऐका. वाचना थोड्या, वाट बघणं फार. एकेक करून सगळे कंटाळून खाली उतरले. उरले एकटे स्थूलभद्र. आठ वर्षं त्यांनी नेटानं अभ्यास केला आणि मग गुरूंना विचारलं, किती झालं? गुरू म्हणाले, थेंब झाला, समुद्र राहिलाय. तरी ते हलले नाहीत.

हे स्थूलभद्र म्हणजे नंद राजाचा मंत्री शकटाल याचा मुलगा. त्यांना सात बहिणी होत्या. यक्षा, यक्षदत्ता, भूता, भूतदत्ता, सेणा, वेणा आणि रेणा. या मुलींची एक गोष्ट आजी अगदी रंगवून सांगायच्या. वररुची नावाचा कवी रोज दरबारात नवे श्लोक म्हणून राजाकडून मोहरा नेत असे. खजिना असा रिता होणं शकटालला बघवेना. त्यानं राजाला सांगितलं, हे श्लोक जुनेच आहेत, माझ्या मुलींनाही पाठ आहेत. दुसऱ्या दिवशी मुलींना पडद्याआड बसवलं. यक्षाला एकदा ऐकलेलं पाठ होई, यक्षदत्तेला दोनदा, भूतेला तीनदा, असं करत धाकट्या रेणेला सातव्यांदा. कवीनं श्लोक म्हटले, यक्षानं ते तसेच्या तसे म्हणून दाखवले. आता दुसरीचं दोनदा ऐकणं झालं, तिनं म्हटले. असं सातही जणींनी म्हटलं आणि कवीची मिळकत बंद झाली.

बापानं केलं ते बरोबर की नाही हा प्रश्न वेगळा. मला त्या पडद्याआडच्या मुली दिसतात. वडिलांच्या राजकारणासाठी त्यांची स्मरणशक्ती चालली. पुढं सातही जणींनी दीक्षा घेतली. साध्वी झाल्या. म्हणजे पाटलीपुत्रात संघ जमून, कुणाला काय आठवतंय म्हणून एकमेकांची तोंडं बघत होता, त्या काळात एकदा ऐकलेलं कधी न विसरणारी यक्षा त्याच संघात होती. नेपाळला पाचशे साधू गेले, त्यातले चारशे नव्व्याण्णव परत आले. पण या सात जणींना पाठवावं हे कुणाच्या मनात आल्याचं कोणताही ग्रंथ सांगत नाही.

हे सगळं डोक्यात घेऊन आम्ही बावीस जणी दिवाळीनंतर निघालो. गोरखपूरपर्यंत रेल्वे, तिथून सोनौलीची सरहद्द. आपल्याला तिथं व्हिसा लागत नाही, मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट दाखवला की झालं. सामानात कपड्यांपेक्षा डबेच जास्त. खाकरे, मेतकूट, भाजलेल्या पोह्यांचा चिवडा, राजगिऱ्याच्या वड्या, आणि पाणी गाळायचं स्वच्छ फडकं. सूर्यास्ताआधी जेवणाऱ्यांनी डोंगरातल्या प्रवासात एक धोरण ठेवावं: घाटात बस कधी अडकेल सांगता येत नाही, म्हणून चार वाजताच खाऊन घ्यावं. कांदा-लसूण-बटाटा नको म्हटलं तर तिथले स्वयंपाकी वरण-भात आणि मोहरीची पालेभाजी आनंदानं करून देतात. बाकी कुठल्या देवळात कोणत्या दिवशी बळी देतात ते आधी विचारून घ्यावं. दसऱ्याच्या सुमाराला, म्हणजे त्यांच्या दशैंत, हे प्रमाण मोठं असतं. आम्ही दिवाळीनंतरचे दिवस धरले ते त्याचसाठी.

पहिला मुक्काम लुंबिनी. तिथं अशोकाचा स्तंभ उभा आहे. १८९६ साली तो उजेडात आला. राज्याभिषेकाला वीस वर्षं झाल्यावर राजा स्वतः इथं आला आणि बुद्धाचा जन्म झाला म्हणून या गावाचा कर कमी करून आठव्या हिश्शावर आणला, असं त्यावर कोरलंय. आमच्यातल्या एकीनं स्तंभापुढं उभं राहून विचारलं, “हा तोच अशोक का, आपल्या उज्जैनचा?” तोच. राजपुत्र असताना तो उज्जयिनीचा कारभार बघत होता असं पाली ग्रंथ सांगतात. विदिशेच्या देवीपासून झालेली त्याची मुलगी संघमित्रा समुद्र ओलांडून लंकेला गेली. त्याची आणखी एक मुलगी चारुमती नेपाळात राहिली आणि काठमांडूजवळच्या चाबहिलला तिनं विहार बांधला, असं नेपाळी परंपरा मानते. बौद्धांच्या आठवणीत एक लेक बेटावर गेली, एक डोंगरात गेली, आणि दोघी धर्म घेऊन गेल्या म्हणून त्यांची नावं राहिली. आमच्या यक्षेला मात्र पाटलीपुत्रातच ठेवलं होतं.

तिथून चितवन. हिमालयाच्या पायथ्याशी साल वृक्षांचं जंगल आणि माणसाहून उंच गवत. सकाळच्या धुक्यात जीप थांबली आणि गवतातून एकशिंगी गेंडा बाहेर आला. चिलखत घातल्यासारखी कातडी, आणि चालणं मात्र निवांत. आम्ही बावीस जणी श्वास रोखून बसलो. मग मागच्या जीपमधून कुणीतरी हळूच म्हणालं, “श्रेयांसनाथ!” खरंच, अकराव्या तीर्थंकरांचं लांछन गेंडा. एवढी वर्षं देवळात प्रतिमेच्या खाली कोरलेला बघत होतो, जिवंत पहिल्यांदा पाहिला. पुढं नदीच्या वाळूवर मगरी पडलेल्या दिसल्या, त्या पुष्पदंतांच्या. हत्ती अजितनाथांचा, हरीण शांतिनाथांचं, रानडुक्कर विमलनाथांचं. मुलांना चोवीस लांछनं पाठ करून घ्यायची असतील तर चितवनमधली एक सकाळ पाठशाळेच्या महिन्याभराचं काम करते. कल्पसूत्रात महावीरांच्या एकट्यानं विहरण्याला गेंड्याच्या एका शिंगाची उपमा दिली आहे. तो गेंडा एकटाच चालत गवतात शिरला तेव्हा ती उपमा देणाऱ्यानं हे जनावर नीट पाहिलं असणार, याची खात्री पटली.

या जंगलाचाही इतिहास ऐकण्यासारखा आहे. हे राणा घराण्याचं शिकारीचं रान. १९११ साली इंग्लंडचा राजा पंचम जॉर्ज इथं शिकारीला आला होता. त्याच्या लवाजम्यानं थोड्याच दिवसांत ३९ वाघ आणि १८ गेंडे मारले. पुढं जंगल तुटत गेलं आणि १९६०च्या दशकाच्या अखेरीला चितवनमधले गेंडे शंभराच्या आत आले. १९७३ साली इथं राष्ट्रीय उद्यान झालं. २०२१च्या मोजणीत सगळ्या नेपाळात ७५२ गेंडे भरले. वाघ २००९ साली १२१ होते, ते २०२२ साली ३५५ झाले. मारायचं थांबवलं आणि राखायला माणसं नेमली, एवढ्यानं हे घडलं. अहिंसा ही देवळात सांगायची गोष्ट असं समजणाऱ्यांनी हे आकडे लक्षात ठेवावेत. हत्तीच्या पाठीवर बसून जंगल बघायची सोयही तिथं आहे. आमच्यातली एकही जण त्या वाटेला गेली नाही.

चितवनमध्ये सिंह नाहीत. पण रात्री मुक्कामाच्या अंगणात मंडळाला मी सिंहाची गोष्ट सांगितली, कारण नेपाळहून आलेली ठेव अपुरी राहिली ती एका सिंहामुळे.

भद्रबाहूंचं ध्यान संपलं, ते स्थूलभद्रांना घेऊन पाटलीपुत्राला आले. तोवर दहा पूर्वं शिकून होत आली होती. सातही बहिणी भावाच्या दर्शनाला गेल्या. गुरूंनी सांगितलं, तो पलीकडच्या पडक्या देवळात आहे. बहिणी येताना बघून स्थूलभद्रांना आपली विद्या दाखवायची लहर आली. त्यांनी सिंहाचं रूप घेतलं. बहिणी घाबरून गुरूंकडे धावल्या, म्हणाल्या, भावाला सिंहानं खाल्लं! गुरू समजले. म्हणाले, परत जा, तुमचा भाऊ तिथंच आहे. पण पुढच्या पाठाला स्थूलभद्र आले तेव्हा त्यांनी शिकवायचं नाकारलं. ज्याला विद्या पचली नाही त्याला पुढची देणार नाही. संघानं फार विनवलं तेव्हा उरलेली चार पूर्वं दिली ती नुसत्या शब्दांनी, अर्थावाचून, आणि पुढं कुणाला शिकवायची नाहीत या अटीवर. चौदा पूर्वांची परंपरा तिथं तुटली.

एका प्रवचनात मी हा प्रसंग अशा सुरात ऐकलाय की जणू बहिणी भेटायला गेल्या म्हणून पूर्वं गेली. ग्रंथ तसं म्हणत नाही. रूप घेतलं भावानं, दंड झाला भावाला. आणि नुकसान झालं ते सगळ्यांचं, त्या सात जणींचंही.

दुसऱ्या दिवशी घाट चढून काठमांडू. त्रिशूलीच्या काठानं वळणावळणाचा रस्ता आहे, ओकारीची गोळी आधीच घ्यावी. पशुपतिनाथ, स्वयंभू, बौद्धनाथ, पाटणचा दरबार चौक, सगळं पाहिलं. २५ एप्रिल २०१५च्या भूकंपात कोसळलेलं काष्ठमंडप पुन्हा लाकडातच उभं केलेलं पाहिलं. कमलपोखरीला आपलं जैन मंदिर आहे. एकाच इमारतीत श्वेतांबर आणि दिगंबर दोन्ही! उज्जैनला दोन देवळांत वाटल्या जाणाऱ्या आम्ही बावीस जणी तिथं एका जिन्यानं वर-खाली करून दोन्हीकडे दर्शन घेऊन आलो. परदेशात माणसं थोडी असतात, तेव्हा जिना एक पुरतो.

थापाथळीवरून जाताना मी मराठी बायकांना काशीबाईंची आठवण करून दिली. १८५७चा उठाव मोडल्यावर नानासाहेब पेशव्यांच्या घरच्या बायका नेपाळला आल्या. जंगबहादूर राणानं त्यांना आसरा दिला, आणि नानासाहेबांच्या पत्नी काशीबाई या थापाथळीत राहिल्या. अवधच्या बेगम हजरत महलही काठमांडूतच राहिल्या आणि १८७९ साली इथंच वारल्या. मैदानात जे टिकत नाही ते हा डोंगर ठेवून घेतो.

पोथ्यांचंही तसंच. काठमांडूची हवा थंड. ताडपत्रं तिथं शतकानुशतकं टिकली. स्कंदपुराणाची इ.स. ८१०ची पोथी नेपाळात आहे, सुश्रुतसंहितेची इ.स. ८७८ची आहे. आपल्याकडे नामशेष झालेले बौद्ध संस्कृत ग्रंथ एकोणिसाव्या शतकात ब्रायन हॉजसन या इंग्रज अधिकाऱ्याला इथं सापडले. हरप्रसाद शास्त्रींना १९०७ साली बंगालीची जुनी चर्यापदं इथंच मिळाली. बौद्धांनी लिहून ठेवलं, म्हणून डोंगराला ते राखता आलं. आपली पूर्वं ताडपत्रावर नव्हतीच. ती एका माणसाच्या मुखात होती. डोंगर हवा देतो, आडोसा देतो, पण पाठ करणारं दुसरं माणूस तो देऊ शकत नाही. ते आपण पाठवावं लागतं.

आणि आपण पाठवलं नाही. पुढं तर तसा नियमच झाला. सहाव्या-सातव्या शतकात जिनभद्रगणींनी विशेषावश्यकभाष्यात लिहिलं की दृष्टिवाद स्त्रियांना शिकवू नये. कारणं दिली ती अशी: स्त्रिया हलक्या, गर्विष्ठ, चंचल इंद्रियांच्या आणि बुद्धीनं दुबळ्या. हा नियम यक्षेनंतर हजार वर्षांनी लिहिलेला, त्यामुळे तिच्या काळी तो असाच होता असं म्हणता येणार नाही. पण यक्षेची कथा जपणाऱ्या परंपरेतच तो लिहिला गेला, हे नजरेआड करता येत नाही. एकदा ऐकून पाठ करणारीची बुद्धी दुबळी? आणि गर्व म्हणाल तर सिंह कोण झालं होतं? याच परंपरेनं मिथिलेच्या मल्लीला, एकोणिसाव्या तीर्थंकराला, स्त्री मानलं आहे. आम्हा दिगंबरांकडे तर मल्लीनाथ पुरुष, आणि स्त्रीला त्याच देहानं मोक्षही नाही. तेव्हा कुणी कुणाला नावं ठेवावीत असं हे प्रकरण नाही. दोन्ही घरच्या बायकांनी मिळून विचार करावा असं आहे.

यक्षेची कथा मात्र इथं संपत नाही, आणि तिचा शेवट उज्जैनलाच होतो.

तिनं भाऊ श्रीयक याला पर्वाच्या दिवशी उपास धरायला लावला आणि त्यात तो गेला. त्या दुःखात तिनं खाणं सोडलं. तेव्हा शासनदेवीनं तिला विदेहक्षेत्री सीमंधरस्वामींपुढं नेलं. त्यांनी तिला निर्दोष म्हटलं आणि चार अध्ययनं दिली. तिनं ती एका वेळी ऐकली आणि परत येऊन संघाला जशीच्या तशी सांगितली. आचारांगाच्या दोन आणि दशवैकालिकाच्या दोन चूलिका त्या याच, असं हेमचंद्राचार्य सांगतात. कथेतली देवी बाजूला ठेवली तरी एवढं उरतं: नव्यानं दीक्षा घेतलेल्या साधू-साध्वींना आधी जे दशवैकालिक शिकवतात, त्याचा शेवट एका स्त्रीच्या स्मरणातून आला असं ही परंपराच मानते.

दुसरं काम तिनं केलं ते आणखी मोठं. स्थूलभद्रांचे दोन शिष्य, महागिरी आणि सुहस्ती. या दोघांना लहानपणापासून यक्षा आर्येनं आईसारखं वाढवलं, म्हणून त्यांच्या नावामागं ‘आर्य’ लागलं, असं परिशिष्टपर्वात आहे. पूर्वं पुढं गेली ती याच दोघांच्या हातून. दहा पूर्वं जाणणारे म्हणून त्यांची गणना होते.

हे आर्य सुहस्ती विहार करत उज्जयिनीला आले. अशोकाचा नातू संप्रती इथं राज्य करत होता. रथयात्रा चालली असताना राजवाड्याच्या गवाक्षातून त्यानं सुहस्तींना पाहिलं, त्याला मागचा जन्म आठवला आणि तो श्रावक झाला. याच उज्जयिनीत भद्रा नावाच्या श्रेष्ठिनीनं त्यांना राहायला आपली वाहनशाळा दिली. तिथं सुहस्ती एका संध्याकाळी आगमाचा पाठ म्हणत होते. तो ऐकून भद्रेचा मुलगा अवंतीसुकुमाल सातव्या मजल्यावरून खाली उतरला आणि दीक्षा घेऊन निघून गेला. क्षिप्रेकाठचं अवंती पार्श्वनाथाचं मंदिर परंपरेनं त्याच्या कथेशी जोडलेलं आहे. आपण तिथं दर पौर्णिमेला जातो. वाहनशाळेतला तो आवाज ज्याचा होता, त्याला पहिले शब्द यक्षेनं शिकवले असतील.

आमच्या दिगंबर आम्नायात पूर्वांचा उरलेला अंश गिरनारच्या चंद्रगुफेत धरसेनाचार्यांनी पुष्पदंत आणि भूतबली या दोघांना दिला आणि त्यातून षट्खंडागम झाला. म्हणजे पुन्हा डोंगर, पुन्हा गुहा. तो दृष्टिवादाचाच उरलेला भाग. त्याच षट्खंडागमाची एक आवृत्ती १९६५ साली फलटणहून निघाली. तिचं संपादन केलं सोलापूरच्या पंडिता सुमतिबाई शहा यांनी. दृष्टिवाद बायकांना देऊ नये असं लिहिल्याला तेराशे वर्षं होऊन गेली होती. सुमतिबाईंनी त्यावर वाद घातला नाही, ग्रंथ छापून दिला.

बैठकीतल्या त्या वहिनींना आता माझं उत्तर असं आहे. नेपाळला जरूर जा. गेंडा बघा, बर्फ बघा, कमलपोखरीला दोन्ही मजले चढा. त्रिशूलीच्या काठानं वर जाताना आठवा की याच बाजूला कधीतरी पाचशे जण चढून गेले आणि एक जण टिकला. आणि घरी परतल्यावर नातीला, सुनेला, पाठशाळेतल्या मुलींना ते सात शब्द पाठ करायला द्या. ते मुळात कल्पसूत्रातच आहेत, दर पर्युषणात वाचले जातात, फक्त वाचणारा तिथं भरभर पुढं जातो. जक्खा, जक्खदिन्ना, भूया, भूयदिन्ना, सेणा, वेणा, रेणा. रेणेला सात वेळा ऐकावं लागायचं. आपल्या मुलींना तेवढ्या वेळा लागणार नाहीत.